आठ तळहात

टायरच्या कुशीवर फुगा आला होता. आमच्या काशीच्या गालाएवढा, तसाच गोल. बोट लावून बघावंसं वाटेल इतका गुळगुळीत.

"हात लावू नकोस," विपुल म्हणाला. "फुटला तर बोटं जातील."

"आणि डोंगर उतरताना फुटला असता तर?"

तो चपला काढून सरळ मोरीत गेला आणि किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. काशी माझ्या कडेवर होती. तिला तो फुगा फार आवडला होता, हात पुढे करून करून ती त्याच्याकडे झेपावत होती.

विपुल, माझा नवरा, दातांच्या दवाखान्याची गाडी चालवतो. चारी चाकांना जोर मिळणारी पिकअप, मागे पत्र्याची बंद खोली. त्या खोलीत दातांच्या डॉक्टरची ती आडवी होणारी खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, बॅटऱ्या, औषधांचे खोके. डॉक्टर संघप्रिया दर रविवारी ही गाडी घेऊन कर्जतच्या पुढच्या डोंगरातल्या वाड्यांवर जातात, जिथे एसटीही जात नाही. शनिवारी संध्याकाळी गाडी आमच्या सारसोळ्याच्या घरासमोर उभी असते आणि माझे सासरे, बाबा, ती भरतात. चाळीस वर्षं त्यांनी सारसोळ्याच्या जेट्टीवर होड्या भरल्या. कुठलं ओझं कुठे बसवायचं, काय खाली, काय वर, हे देवजी कोळ्याला विचारावं असं अजूनही गावात म्हणतात.

टेपाची वाडी सगळ्यात उंच. शेवटचे चार किलोमीटर रस्ता नाहीच, दगडांच्या पायऱ्याच आहेत म्हणे. मग कोरडा ओढा, आणि ओढ्यानंतर एक वळण. त्या वळणावर डावं मागचं चाक कड्याच्या इतकं जवळून जातं की डॉक्टर तेवढ्यापुरत्या खाली उतरून पुढे चालतात. हे मला विपुलनं लग्नाच्या पहिल्या वर्षी रंगवून रंगवून सांगितलं होतं. काशी झाल्यापासून तो त्या वळणाचं नाव काढत नाही.

फुगा आला होता तो डाव्या मागच्या चाकालाच. आणि पुढच्या रविवारी पुन्हा टेपाचीच वाडी होती, बेचाळीस मुलं नाव लावून बसली होती.

"दगड लागला असेल," विपुल म्हणाला. बाबाही तेच म्हणाले. पण मला दगडाचा ओरखडा कुठे दिसेना. नक्षी अजून चांगली जाड होती, रबर काळंभोर होतं. काही न लागता आतूनच काही तरी सुटलं असावं, असं ते दिसत होतं.

काशी दुपारी पाऊण तास झोपते. त्या आठवड्यात त्या पाऊण-पाऊण तासात मी टायर वाचायला शिकले. टायर वाचता येतो हेच मला माहीत नव्हतं! इतकी वर्षं रस्त्यानं हजारो टायर शेजारून गेले असतील, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याची जन्मवेळ आणि ताकद लिहिलेली होती.

शुक्रवारी आम्ही महाप्याला राजवर्धन जाधवांच्या दुकानात गेलो. विपुल, बाबा, मी आणि झोळीत काशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चारही बदला, स्टेपनीसुद्धा. जाधव साताऱ्याकडचे, आवाज मोठा, पण काशीला बघून त्यांनी तो निम्मा केला.

त्यांनी दोन टायर पुढे लोळवत आणले. पहिला देखणा, रुंद, अंगानं थोडा मऊ. "ह्यो आरामात चालतोय बघा. डांबरावर आवाज न्हाई, खड्ड्यात दणका कमी." दुसरा नुसता बघूनच अडदांड वाटत होता. त्याची कूस अंगठ्यानं दाबली तर अंगठाच दुखला.

"पहिलाच," विपुल म्हणाला. "मागे मशीन आहेत. दणके बसले की खुर्चीचे नट ढिले होतात."

मी खाली बसून पहिल्या टायरवरचे आकडे वाचले. एकशे बारा. म्हणजे एका टायरनं अकराशे वीस किलो पेलायचे. आमच्या जुन्या टायरवरही एकशे बाराच होता. दुसऱ्यावर एकशे एकवीस होता, म्हणजे साडेचौदाशे. नऊ आकड्यांत तीनशे तीस किलोंचा फरक! कुणी मोजले असतील हे? कुठे बसून?

त्याच्यावरचे शेवटचे चार आकडे बघून तर मला हसूच आलं. चोवीस पंचवीस. दोन हजार पंचविसाचा चोविसावा आठवडा.

"विपुल, हा आपल्या काशीपेक्षा दोन आठवड्यांनी मोठा आहे."

"मग दादा म्हणायला लाव तिला," तो म्हणाला.

जाधवांनी विचारलं, "माल किती असतोय गाडीत?"

बाबांनी खिशातून यादी काढली. घडी घालून घालून मऊ झालेला कागद. खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, बॅटऱ्या चार, टाक्या दोन, जार दोन, खोके, माणसं तीन. प्रत्येकापुढे किलो. जाधवांनी बेरीज केली. मागच्या दोन चाकांवर बावीसशेच्या आतच येत होतं.

"मग एकशे बारा चालतोय की."

"मग जुना का फुगला?" मी विचारलं.

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. काशी होण्याआधी मी इथेच, महाप्याला, एका गोदामात माल पाठवायच्या खात्यात होते. तिथे एक गोष्ट पक्की शिकले होते. कागद हलका असतो, वजन काट्याला विचारावं.

"उद्या गाडी भरायची तशी पूर्ण भरू आणि काट्यावर घालू. मग टायर ठरवू."

"माझ्या यादीत सुई सुटलेली नाय गो," बाबा म्हणाले. आवाज शांत होता, पण झोळीची गाठ सारखी करायला आलेला त्यांचा हात मागे गेला.

फुगलेल्या टायरच्या जागी विपुलनं स्टेपनी चढवलीच होती. शनिवारी सकाळी बाबांनी गाडी भरली. मुद्दाम माझ्यासमोर, यादीतली एकेक वस्तू मोठ्यानं म्हणत. मग मोठ्या काट्यावर. आधी पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची. काटेवाल्यानं खिडकीतून चिठ्ठी दिली. एकूण वजन यादीपेक्षा तीनशे चाळीस किलोंनी जास्त होतं. मागच्या दोन चाकांवर तेवीसशे सत्तर.

म्हणजे एकेका चाकावर जवळपास बाराशे. अकराशे वीसचा टायर हे ओझं किती तरी रविवार मुकाट्यानं डोंगरावर नेत होता आणि आणत होता.

"काटा खोटा हाय," बाबा म्हणाले.

विपुलनं दुसऱ्या काट्यावर गाडी घातली. तीनशे चाळीसच.

आम्ही गाडी झाडाखाली लावली. मागचं दार उघडून बाबा पुन्हा एकेक वस्तूला हात लावायला लागले. कपाळावर घाम आला होता. तीनशे चाळीस किलो म्हणजे पाच माणसं. पाच माणसं गाडीत बसलीत आणि आम्हाला दिसत नाहीत!

तेवढ्यात काशी रडायला लागली. तोंड-हात धुवायला म्हणून मी मागच्या टाकीच्या नळाखाली ओंजळ धरली. पाणी आलं. गार, भरपूर. ओंजळ भरली आणि जड झाली.

"बाबा," मी म्हणाले, "यादीत टाक्या अकरा-अकरा किलोच्या आहेत."

"हाय ना. प्लास्टिकच्या हायेत."

"आणि आतलं पाणी?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "पानी कोन मोजतं?"

दीडशे-दीडशे लिटरच्या दोन टाक्या, वीस-वीसचे दोन जार. मला बेरीज करावीही लागली नाही.

होडी भरताना बर्फ मोजतात, जाळी मोजतात, माणसं मोजतात. पिण्याच्या पाण्याचे हंडे सगळ्यात शेवटी चढतात आणि ते कुणी मोजत नाही. मोजू नये असाच रिवाज. सासूबाईंनी मला हे नंतर सांगितलं, त्यांच्या माहेरीही तसंच होतं. गोडं पाणी मोजलं तर वाटेत आटतं म्हणे. चाळीस वर्षं बाबांनी तेच केलं होतं. यादीत त्यांनी चूक केली नव्हती, त्यांच्या लेखी ते ओझं नव्हतंच.

"पानी उचलतं गो," ते हळू म्हणाले. "होडीला पानीच उचलतं. ते कदी बसत नाय कुनावर."

मग त्यांनी विपुलकडे बघितलं. वळण त्यांनाही माहीत होतं. डावं मागचं चाक त्यांनाही माहीत होतं, आणि मागची टाकी त्यांनी स्वतः दर शनिवारी डाव्या कोपऱ्यात बसवली होती.

"बाबा, जाऊ द्या ना," विपुल म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. कळलं ना आता."

बाबांनी मान हलवली आणि दार लावलं. आम्ही परत दुकानात गेलो.

जाधवांनी चिठ्ठी वाचली आणि देखणा टायर स्वतःच मागे लोळवत नेला. "एकशे एकवीस. आता इचारूच नका. डोंगरात गाडी एका अंगाला कलली की चौघांचं वझं दोघांवर येतंय, म्हणून ताकद हातची राखून ठेवायची. पण ऐका, टायर तगडा घातला म्हणून गाडी तगडी होत न्हाई. पाटे तेच, अ‍ॅक्सल तोच. वझंबी कमी करा."

विपुलनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकच टाकी घ्या, मशीनपुरती. चुळा भरायला वाडीतलं पाणी उकळून घेऊ. तिथल्या बायका मला दोनदा म्हणाल्यात, आमच्याकडं येताना पाणी घेऊन येता, आमचं पाणी वाईट आहे का?"

एक टाकी उतरली, दोन्ही जारही उतरले. दुसरी बाबांनी मागून काढून थेट ड्रायव्हरच्या पाठीशी बसवली. स्वतःच्या हातांनी, दोनदा आवळून.

पाचही टायर चढले. हवाही आधीपेक्षा जास्त लागणार होती. ती बरोबर आहे का हे बघायला जाधवांनी टायरवर खडूची आडवी जाड रेघ ओढली, जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि गाडी हातभर पुढे घ्यायला लावली. रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली गेली होती. "पास," ते म्हणाले.

पण मी पुठ्ठ्याकडे बघत होते. त्यावर खडूचा, धुळीचा ठसा उठला होता. एवढासा. मला वाटलं अर्धाच उठला असेल.

"एवढंच टेकतं?" मी विचारलं.

"एवढंच ताई. टायर केवढाबी असू दे, भुईला एवढाच लागतोय."

बाबा पुढे आले. गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात ठशावर शेजारी शेजारी ठेवले. जाळी ओढून ओढून रुंद झालेले तळहात. ठसा त्यांच्याखाली पुरता झाकला गेला.

सव्वातीन टनांची गाडी. खुर्ची, जनरेटर, पाणी, डॉक्टर, माझा नवरा. हे सगळं त्या दगडांवरून, त्या कड्याच्या कडेनं, एका वेळी फक्त आठ तळहातांवर उभं असतं. मी काशीला छातीशी घट्ट धरलं. भीतीनं नाही. इतक्या कमी जागेवर इतकं पेललं जातं, याचं मला काय करावं तेच कळेना. बारशाला काशीची पावलं कुंकवात बुडवून कागदावर उठवली होती, तेव्हाही असंच झालं होतं. एवढीशी पावलं, आणि यांच्यावर एक अख्खं माणूस उभं राहणार!

बाबा तसेच बसून होते. "पोरगा माझा," ते म्हणाले, कुणाला तरी सांगितल्यासारखं, "यवढ्यावर उभा व्हता."

रविवारी पहाटे सासूबाई पुतळाबाई पाच लिंबं घेऊन बाहेर आल्या. चार चाकांखाली ठेवली. पाचवं हातात.

"आये, स्टेपनीखाली लिंबू कसं चिरडणार?" विपुल म्हणाला. "ती टांगलेली आहे."

"तुला काय करायचं? मी पायाखाली चिरडते," म्हणून त्यांनी खरंच चिरडलं.

गाडी गेली. वाडीवर फोन लागत नाही. मी काशीला न्हाऊ घातलं, भात लावला, उतरवला. बाबा दुपारभर जेट्टीवर जाऊन बसले. तीनला आले, पाणी प्यायले, पुन्हा गेले. मी त्यांच्यासाठी तांब्या भरला तेव्हा तो मला जड लागला. आता नेहमीच लागेल.

संध्याकाळी उजेड असतानाच गाडी आली. धुळीनं पांढरी. विपुल उतरला आणि आधी माझ्याकडे बघून मान हलवली. मग हात झटकत म्हणाला, "काय दणके देतोय तो टायर! दोन नट ढिले झाले. पण वळणावर ना सुची, गाडी डुललीच नाही. बसून राहिली. डॉक्टर उतरल्या नाहीत आज."

"उतरायला हवं होतं त्यांनी," मी म्हणाले.

"मी म्हटलं उतरा. म्हणाल्या, तू उतरतोस का?"

बाबा आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. वाकून डाव्या मागच्या चाकाच्या कुशीला हाताची पालथी बाजू लावली, ताप बघतात तशी, आणि तशीच गोल फिरवत नेली. मग उजव्या चाकाला. मग पुढच्या दोन्ही. कुठे फुगा नाही. कोमट होते नुसते, दिवसभर चाललेल्या पायांसारखे.

मग त्यांनी खिशातून ती मऊ यादी काढली, बॉनेटवर पसरली आणि माझ्याकडे पेनासाठी हात केला. 'टाक्या २' खोडून त्यांनी 'टाकी १' केलं आणि पुढे लिहिलं: पाणी, दीडशे. लिहिताना ओठ हलत होते. रिवाज मोडत होते ना, आधी दर्याची क्षमा मागितली असावी.

कडेवरून काशी झेपावली. मी तिला खाली धरलं, तर तिनं दोन्ही हात टायरवर टेकवले आणि जोर लावून, पहिल्यांदाच, स्वतःच्या पायांवर उभी राहिली.