आयुष्यभराचं तेल

"हुंगा," मिस्त्री म्हणाला आणि त्याने गाडीच्या गिअरमधलं तेल मोजायची पट्टी बाईंच्या नाकापुढे धरली.

बाईंनी हुंगलं. "करपलंय."

मिस्त्रीने पट्टीचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवलं. थेंब पसरला आणि मधोमध काळा गाळ राहिला. शेजारी त्याने नव्या डब्यातल्या तेलाचा एक थेंब सोडला. तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता. दोन्ही थेंब शेजारी शेजारी पाहिल्यावर आणखी काही सांगायची गरज नव्हती, पण हा मिस्त्री आयुष्यभर आपोआप बदलणारे गिअर उघडत आलेला. त्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

"काकू, गिअरचं तेल शेवटचं कधी बदललं होतं?"

"ते बदलायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

बाईंनी गाडीतला कप्पा उघडला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. अक्षर नवऱ्याचं, टपोरं, ओळ जराही न हललेली. 'गिअरचं तेल आयुष्यभराचं आहे. हात लावू नये.' खाली सही आणि तारीख. दूधवाल्याला 'उद्या नको' असं लिहितानाही सही करणारा माणूस होता तो.

मिस्त्रीने चिठ्ठी वाचली, घडी होती तशी घातली. "माहितीपुस्तकात छापतात तसं, खोटं नाही. पण आयुष्यभर म्हणजे कोणाचं? विकणाऱ्याच्या दृष्टीने हमीची वर्षं संपली की गाडीचं आयुष्य संपलं. काकांनी छापलेलं वाचलं आणि खरं मानलं."

"त्यांना वाचता येत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेलाचं बघा."

गल्लीत त्यांना सगळे 'गाडीवाल्या बाई' म्हणत. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या होत्या. नवऱ्याचा हात लुळा पडला तेव्हा दवाखान्यात न्यायला कोण, असा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी पुढे येईना. या गाडीला क्लच नाही, सारखे गिअर टाकायचे नाहीत, डाव्या पायाला काम नाही. आणि बाईंचा डावा गुडघाच मेला दगाबाज. नवरा शेजारी बसून सांगायचा आणि या चालवायच्या. तो गेला, त्याला सात वर्षं झाली. इंजिनचं तेल, टायर, काच पुसायच्या पट्ट्या, सगळं त्याने ठरवून दिलेल्या वेळेला बदललं जात होतं. राहिलं होतं ते एवढंच एक.

आणि हे कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. पाच वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, की आजी, तेल तपकिरी झालंय, अजून वेळ गेलेली नाही, बदलून टाकू. तेव्हा बाईंनी त्याच्याही नाकासमोर ही चिठ्ठी नाचवली होती. वर म्हणाल्या होत्या, "तेल जास्त झालं असेल तर डोक्याला लाव. डोकं गार झालं की मग बोल." चार गिऱ्हाइकं हसली होती. बाई पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढल्या नव्हत्या.

"आता ऐका," मिस्त्री म्हणाला. "एकमेकींना घट्ट पकडून गाडी पुढे ओढणाऱ्या आतल्या चकत्या झिजल्यात. त्यांचा भुसा या तेलात उतरलाय. आता तो भुसाच चकत्यांना पकड देतोय. तेल बदललं की भुसा जाणार आणि चकत्या घसरायला लागू शकतात. म्हणून एवढं काळं तेल दिसलं की मी बहुधा हात लावत नाही."

"नाही बदललं तर किती चालेल?"

"सहा महिने. फार तर वर्ष."

"आणि बदललं तर?"

"झेपलं तर पाच-सहा वर्षं बघायला नको. नाही झेपलं तर..."

"अर्धवट बोललेलं मला कळत नाही."

"तर आठवडाही नाही."

बाई स्टुलावर बसल्या. मुलगा परगावी होता आणि त्याचं एकच म्हणणं होतं, की आई, ही गाडी चालतेय तोवर चालव, बंद पडली की विषय संपला. बाईंनी शब्द दिला होता. गाडी गेली तर गुरुवार गेला.

दर गुरुवारी टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात त्या थोरल्या नणंदेला भेटायला जात. भेटायची वेळ चार ते सहा. ही नणंद म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एक्केचाळीस वर्षं तिने बाईंच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली होती. भिंतीचा रंग, पोराचे केस, पदर घ्यायची तऱ्हा, काही म्हणून सोडलं नव्हतं. बाईंनीही एकही शब्द उधार ठेवला नव्हता. आता ती पलंगाला खिळली होती, पण जीभ अजून धडधाकट. आठवड्यातून दोन तास दोघी मनसोक्त भांडत. उरलेल्या सहा दिवसांत बाईंशी भांडायला कोणी नव्हतं. घरात बोलायचंच झालं तर गळक्या नळाशी.

सहा महिने. बाईंच्या मनात गणित आपोआप झालं. नणंदेच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात बाजूला घेऊन साधारण एवढीच मुदत सांगितली होती. म्हणजे तेलाला हात न लावता गाडी पुरली असती. वन्संना पुरली असती.

गणित बरोबर आलं. कोणाच्या तरी मरणापर्यंत गाडी पुरेल का, हे आपण बसून मोजतोय? एवढी नीच मी कधी झाले?

"बदला," त्या म्हणाल्या.

"काकू, पुन्हा विचार करा."

"विचार करूनच आज इथे बसलेय. पाच वर्षांपूर्वी केला नाही तो."

मिस्त्रीने मग जास्त ताणलं नाही. एकदम सगळं तेल धुऊन काढायचं नाही, हा त्याचा नियम. खालचा बोल्ट सोडायचा, आपणहून गळेल तेवढंच गळू द्यायचं, आणि मोजून तेवढंच नवं भरायचं. निम्म्याहून जास्त जुनं आतच राहतं. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा तसंच, मग आणखी एकदा. "म्हाताऱ्या माणसाला एकदम गार पाण्याने आंघोळ घालत नाहीत," तो म्हणाला.

"म्हाताऱ्या माणसाचं मला सांगू नका."

तेल गळायला लागलं. आधी धार, मग दोरा, मग थेंब. बाई वाकून बघत राहिल्या. नवऱ्याचं शेवटचं आजारपण काढलं होतं त्यांनी, पण तेव्हाही इतका वेळ एका जागी थांबल्या नव्हत्या. नवं तेल भरल्यावर मिस्त्रीने गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका खुणेवर थांबवला, गाडी तापू दिली आणि पट्टी पुन्हा पाहिली. "हळू चालवा. चढाला घाई नको."

तीन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. पूर्वी दुसरा गिअर पडताना बसणारा धक्का नाहीसा झाला. बाईंनी उगाचच बाजाराला दोन फेऱ्या मारल्या.

गुरुवारी टेकडीच्या अर्ध्यावर इंजिन ओरडलं आणि गाडी जागच्या जागी राहिली. बाईंनी पाय आणखी दाबला. आवाज वाढला, गाडी हलली नाही. मग ती सावकाश मागे यायला लागली. बाईंनी ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला, मागच्या गाड्यांना हात करून पुढे जायला सांगितलं आणि मिस्त्रीला फोन लावला.

तो तासाभराने ओढून न्यायची गाडी घेऊन आला. चाकाजवळ बसून त्याने वास घेतला. 

"चकत्या?" बाईंनी विचारलं.

"हो. काकू, मी..."

"तुम्ही सांगितलं होतं. तुमच्यावर कोणी काही ढकलत नाही." त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी काढून घेतली. "जपून न्या. पुढचा दिवा नवाच आहे."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. समजूत कशी घालायची याची तो तयारी करूनच बोलत होता. बाईंनी त्याला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ दिलं नाही. "शब्द दिला होता ना? विकून टाक."

पुढच्या गुरुवारी त्या दुपारी एकला निघाल्या. दोन बस बदलायच्या, मग शेवटचा चढ पायी. गुडघ्याने ठिकठिकाणी बसायला लावलं. शुश्रूषागृहात पोचल्या तेव्हा पावणेसहा झाले होते.

"मला वाटलं मेलीस," नणंद म्हणाली.

"मेले तर तुम्हाला कळवायला तरी कोणी येईल, वन्सं. मागच्या गुरुवारी फोन केला होता मी, निरोप दिला नाही का?"

"दिला. गाडी बिघडली म्हणे. कशी बिघडली?"

बाईंनी पदराने मान पुसली. "तेल वेळेवर बदललं नाही. बदलायचं नाही असं त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि मी ते पाळलं. त्यांचं चुकलं होतं."

एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य या दोघींमध्ये कधी बोललं गेलं नव्हतं. बाईंना वाटलं, आता तोफ सुटणार. 

"चुकलं असेल," नणंद म्हणाली. "छापलेलं दिसलं की खरं मानायचा. लहानपणापासून." मग, "पुढच्या गुरुवारी येऊ नकोस. चेहरा बघ कसा झालाय."

"मी काय करायचं ते तुम्ही कधीपासून सांगायला लागलात?"

"एक्केचाळीस वर्षं झाली."

"त्यातलं मी किती ऐकलं?"

नर्स दारात येऊन उभी राहिली. सहा वाजले होते. बाईंनी पांघरुणाची दुमडलेली कड सरळ केली. ती वाकडीच झाली असं नणंदेने सांगितलं, म्हणून पुन्हा केली.

परतीच्या बसमध्ये त्यांना ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली. बस टेकडी उतरत होती. प्रत्येक वळणाआधी ड्रायव्हर ब्रेक लावायचा, आणि त्याच्या क्षणभर आधी बाईंचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा.

"पाय दुखतोय का हो?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि पाय मागे घेतला.

पुढच्या वळणाला तो पुन्हा दाबला गेला.