ममताच्या पाठीवरचे वळ

"पाठ दाखव बरं माय, मी काई करत नाई तुले," असं प्रभावतीनं तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा कुठे सात वर्षांच्या ममतानं फ्रॉकची मागची बटणं काढू दिली. पाठभर लाल वळ होते. लांब, एकमेकांना छेदणारे, काहींवर खपली धरलेली. ममताची सावत्र आई नंदाबाई दाराला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली.

समोरच्यानं मान खाली घातली की प्रभावतीच्या लेखी निम्मी चौकशी संपत असे. तक्रारी आलेल्या घरी जाऊन तिथं मूल सुरक्षित आहे की नाही ते लिहायचं, या नोकरीत तिची पंधरा वर्षं गेली होती. पहिल्याच वर्षी एका घराला तिनं 'धोका नाही' असं लिहून दिलं आणि आठवड्याच्या आत तिथल्या पोरीचा हात मोडला. तेव्हापासून जराशी शंका आली की ती मूल घरातून उचलायचीच. ऑफिसात तिला मागून 'घार' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

मारेगावपासून आत असलेल्या या गावातली तक्रार शाळेत नव्यानं आलेल्या गुरुजींची होती. सावत्र आई मारते, बाप राजूरकडे कोळशाच्या ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा घरी. सावत्र, मार आणि बाप बाहेर. प्रभावतीनं जीपमध्येच मनाशी निकाल लावून टाकला होता.

घरात बसायला जागा नव्हती. यंदा भाव पडलेला, त्यामुळे होळी उलटली तरी कापूस घरातच, एकुलत्या एका खोलीत छातीएवढा ढीग. प्रभावती त्याच्याच कडेला बसली. नियमाप्रमाणे तिनं नंदाबाईला अंगणात पाठवलं आणि ममताला जवळ घेतलं.

"तुले कोनाचं भेव वाटते?"

"गुरुजीचं."

"अन् आईचं?"

"आईचं काहून वाटन?"

शिकवून ठेवलेली दिसते, असं प्रभावतीच्या मनात आलं. गुडघ्यावर फॉर्म ठेवून तिनं लिहिलं : मारहाणीच्या स्पष्ट खुणा. मुलीस आजच बालगृहात हलवावे.

मग घराबद्दलचे बाकीचे रकाने भरायला घेतले. त्यात अर्धा-पाऊण तास गेला. मनगटाला खाज सुटली होती, मग मानेला, मग कोपरापर्यंत. लिहिता लिहिता ती खाजवत राहिली. सही करायला हात पुढे केला आणि थांबली. तिच्या गोऱ्या हातावर लाल वळ उठले होते. लांब, एकमेकांना छेदणारे.

घरात साचून राहिलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, खाजवलं की वळ उठतात, हे दारव्ह्याला माहेरी तिनं लहानपणापासून ऐकलेलं. ते आठवायला तिला स्वतःचं मनगट लागलं.

"नंदाबाई, आत या. ही झोपते कुठं?"

"कापसावरच. दुसरी जागाच नाई जी."

"हात दाखवा तुमचा."

नंदाबाईचा हात तर पोरीच्या पाठीपेक्षा वाईट होता.

"मंग सांगतलं काहून नाई मले?" प्रभावती जवळजवळ ओरडलीच.

"सावत्र हाय ना जी मी. म्या सांगतलं असतं त तुमी म्हनल्या असत्या, बहाना करून राह्यली."

प्रभावती म्हणाली असतीच. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून घर सुरक्षित होत नाही. ती उठली आणि कोपरान् कोपरा बघितला. खालच्या फळीवर, पोरीच्या हाताशी, फवारणीच्या औषधाचा डबा होता. तो तिनं गोठ्यात कुलपात ठेवायला लावला. शेजारच्या शीलाला बोलावून घेतलं. कापूस घरातून जाईस्तोवर मायलेकी तिच्या ओसरीवर झोपतील असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. उद्या पोरीला दवाखान्यात न्यायचं, आणि पुढच्या आठवड्यात कधीही मी न सांगता येईन, हेही बजावलं. मग फॉर्मवरच्या त्या दोन ओळी खोडल्या. खोडताना कागद फाटला.

"ममता इथंच राहीन," ती म्हणाली.

नंदाबाईनं दारामागून एक कापडी पिशवी आणली.

"मंग हे सोडू काय?"

साहेबीणबाई पोरीला न्यायला येणार हे सकाळीच गावभर झालं होतं. नंदाबाईनं तेव्हाच पिशवी भरून ठेवली होती. ती एकेक वस्तू काढू लागली. शाळेचा ड्रेस, फणी, खोबरेल तेलाची बाटली. तळाशी घडी केलेलं एक पातळ.

"हे कायले?" प्रभावतीनं विचारलं.

"पदर धरल्याबिगर झोप येत नाई हिले. तिथं कोनाचा धरन, म्हनून."

ममतानं ते पातळ ओढून घेतलं आणि टाचा उंचावून कपड्यांच्या दोरीवर टाकलं. दोरीवर दुसरं काहीच नव्हतं. नंदाबाईचं दुसरं पातळ तिच्या अंगावर होतं.