चाकांची शिडी

सल्लागार बाईंचा धंदाच मुळी दुसऱ्यांच्या धंद्यात नाक खुपसायचा. बापाचं दुकान लेकाला पेलत नाही, भावाभावांचं गोदामावरून फाटलंय, सासऱ्यांचा पाय गल्ल्यावरून निघत नाही, असं काही झालं की लोक त्यांना बोलावत. बाई येत, सगळ्यांचं ऐकून घेत आणि घर आणि दुकान दोन्ही शाबूत ठेवून निघून जात. निदान प्रयत्न तरी तसा असे.

शिड्यांच्या कारखान्यात मात्र त्यांना गिऱ्हाईक समजण्यात आलं. त्याला कारण काकू. काकूंनी बाईंना बोलावलं खरं, पण नवऱ्याला ते सांगायचा धीर त्यांना होईना. नवरा म्हणजे दादा. घरात, गल्लीत, वखारीत, सगळ्यांचेच दादा. कारखाना त्यांच्या आजोबांनी सुरू केलेला. पुढे दुकान, मागे कामाची शेड आणि सगळीकडे भुसा. बाई दारात येताच दादांनी त्यांची उंची नजरेनेच मापली.

"माळा किती उंच आहे?"

"कुठला माळा?"

"तुमचा हो. घरचा. आणि घडीची शिडी मागू नका. तुम्ही घाईच्या दिसता. घाईच्या माणसाची बोटं चेमटतात."

बाईंनी निमूटपणे एक लहानशी शिडी विकत घेतली आणि मगच आपण कोण ते सांगितलं. दादांनी आतल्या दाराकडे पाहिलं. काकूंना त्याच क्षणी पॉलिशच्या फडक्यांच्या घड्या घालण्याचं फार महत्त्वाचं काम आठवलं.

"सल्ला? मला?" दादा म्हणाले.

"सगळ्यांनाच. थोडा थोडा."

दादा हसले. शिडी खपली होती, त्यामुळे ते खुशीत होते.

बाईंची पद्धत साधी. प्रत्येकाला एकटं गाठायचं. गल्ल्यावर बसणारा मोठा मुलगा, त्याला सगळे मोठाच म्हणत, प्रत्येक प्रश्नाला "दादा म्हणतील तसं" एवढंच म्हणाला. धाकटी मुलगी एका फर्निचरच्या कंपनीत नकाशे काढायची, पण सुट्टीच्या दिवशी हमखास मागच्या शेडमध्ये रंधा मारताना सापडायची.

"तुला हवाय का हा कारखाना?" बाईंनी विचारलं.

"तो मोठ्याचा आहे ना," ती म्हणाली आणि रंधा जरा जास्तच जोरात फिरवला.

दादा म्हणाले, "मी केव्हाही सोडायला तयार आहे. मोठा जरा तयार झाला की झालं."

"कधी होईल?"

"होईल आता लवकरच."

"हे तुम्ही कधीपासून म्हणताय?"

"तो कॉलेजातून बाहेर पडला तेव्हापासून."

निघताना बाईंनी काकूंना विचारलं, "तुमच्या घरात कुणी भांडत कसं नाही?"

"भांडायला आधी खरं बोलावं लागतं," काकू म्हणाल्या.

मग बाईंनी फर्मान काढलं. दादांनी थोडे दिवस दुकानात पाऊल टाकायचं नाही, धाकटीने कंपनीत रजा टाकायची आणि कारखाना दोघा भावंडांनी सांभाळायचा. दादा एका शब्दात कबूल झाले. इतक्या सहज, की काकूंना शंका आली.

शंका खरी होती. दादा घरातून निघाले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथल्या आरशात त्यांचं अख्खं दुकान दिसत असे. आधी दाढी झाली. मग केस झाले. मग कानावरचे आणि भुवयांचेही झाले. शेवटी न्हावी म्हणाला, "दादा, आता कापण्यासारखं तुमच्यापाशी काही उरलं नाही. मी नुसता फेस लावून ठेवतो. कुणी विचारलं तर बसायला कारण असलेलं बरं."

असे ते गळ्याला कापड बांधून, तोंडाला फेस लावून बसलेले असताना आरशात वाचनालयाचे ग्रंथपाल दिसले. हे बुटके गृहस्थ अधूनमधून यायचे आणि चाकांची शिडी मागायचे. उंच कपाटांपुढून सरकत जाणारी. दादा दर वेळी तेच सांगत, "शिडीने उभं राहायचं असतं, फिरायला जायचं नसतं." मोठ्यानेही सवयीने तेच सांगितलं. ग्रंथपाल वळले. दादांनी आरशात समाधानाने मान डोलावली.

एवढ्यात धाकटी शेडमधून धावत बाहेर आली. डोक्यात भुसा, हातात टेप. "थांबा हो! कपाटांच्या वर लोखंडी नळी बसवता येईल? येते मी, माप घेऊ." आणि ती ग्रंथपालांबरोबर चालूही लागली.

न्हाव्याच्या दुकानात ऐकू काहीच आलं नाही, पण टेप दिसली. तेवढी पुरे होती. दादा ताडकन उठले आणि तसेच रस्ता ओलांडून दुकानात शिरले.

"कुठे गेली ती?"

"दादा, तुमच्या तोंडाला फेस आलाय," मोठा म्हणाला.

"माहीत आहे! कुठे गेली?"

"वाचनालयात. चाकांच्या शिडीचं माप घ्यायला."

"आणि तू जाऊ दिलंस? अरे, उद्या हे दुकान तुझं..."

"मला नकोय दुकान."

शेडमधल्या कारागिरांची करवत थांबली. बोलून गेल्यावर मोठा स्वतःच दचकला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मला पोहायला शिकवायचंय, दादा. सकाळी तलावावर लहान मुलं येतात. पाण्याला घाबरणारी. ती माझ्याकडे शिकतात."

"ठाऊक आहे."

"काय?"

"तुझ्या डोक्याला रोज तलावातल्या औषधाचा वास येतो. म्हातारा झालो असेन, नाक अजून धडधाकट आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला वाटलं असतं, बाप दुकानातून हाकलतोय."

"आणि मला वाटत होतं, मी सोडलं तर तुम्ही खचाल."

दादांच्या हनुवटीवरून फेसाचा एक गोळा निसटला आणि टपकन गल्ल्यावर पडला. आतल्या दारातून काकूंनी पंचा पुढे केला. "पुसा ते आधी. आणि जा तिच्याकडे."

गळ्यातलं कापड सोडायचं भान दादांना राहिलं नाही. वाचनालयात धाकटी टेबलावर चढून माप घेत होती.

"माणूस वर असताना चाकं सरकली तर?" दादा दारातूनच ओरडले.

"हळू बोला," ग्रंथपाल म्हणाले.

"नाही सरकणार. वर वजन पडलं की चाकं आत दबतील आणि शिडी पायांवर टेकेल. स्प्रिंग घालायची."

दादांनी कपाटाकडे पाहिलं. "कुठली स्प्रिंग?"

"ते अजून ठरायचंय."

"खाटेची नको. नरम पडते."

"बरं." धाकटी टेबलावरून उतरली. टेप गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून म्हणाली, "दादा, मला द्याल का चालवायला?"

"शिडी?"

"कारखाना."

दादांचा आवाज एकदम वाचनालयात शोभेल इतका खाली आला. "कधी मागितला नाहीस तू."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ग्रंथपालांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसले.

पुढचं काम बाईंच्या नेहमीच्या सवयीचं होतं. कोण काय ठरवणार ते सर्वांसमक्ष बोलून घेतलं. कारखाना धाकटीचा, शेवटचा शब्द तिचा. मोठ्याचा वाटा राहिला, खुर्ची सुटली. तो तलावावर गेला आणि पहिल्याच आठवड्यात न्हाव्याच्या मुलीला पोहायला शिकवू लागला. दादांकडे तपासणी आली. स्वतः चढून पाहिल्याशिवाय एकही शिडी दाराबाहेर जाणार नाही, पण दुपारी जेवायला घरी गेले की पुन्हा यायचं नाही. यातला शेवटचा भाग त्यांनी फारसा पाळला नाही. काकूंनी बाईंना फोन करून तक्रारही केली, पण हसत.

वाचनालयाची शिडी तयार होत आली तेव्हा बाई सहज डोकावल्या. शेडमध्ये बापलेकीचं कडाक्याचं जुंपलं होतं.

"गडद पॉलिश! मळ दिसत नाही!"

"फिकट. लाकडाच्या रेघा दिसल्या पाहिजेत."

"बाई, तुम्हीच सांगा हिला."

"दादा, शेवटचा शब्द कुणाचा?"

दादांनी गडद पॉलिशचा डबा बाजूला सरकवला. "फिकट तर फिकट. पण दोन हात मार म्हणावं. एकाने भागणार नाही."

"तीन मारणार आहे," धाकटी म्हणाली.

दादांनी दारात उभ्या काकूंकडे असं काही पाहिलं, जणू तीन हातांची कल्पना त्यांचीच होती.