जलपरीचा पापलेट

"काका, जलपरीतला तो भरलेला पापलेट तुमचाच ना?" जागृतीने वही उघडत विचारलं.

नरहरी दांडी गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. बोईसरचं जलपरी रेस्टॉरंट अँड लाउंज बंद पडून सहा वर्षं झाली होती. त्या जागी आता टाइल्सचं दुकान होतं. वाचनालयाच्या अंकासाठी जागृती जलपरीची हकीकत लिहीत होती, आणि नरहरी वीस वर्षं तिथला मुख्य आचारी होता.

त्याने लाउंजमधल्या लाल सोफ्यांचं सांगितलं, कारखान्यांतल्या साहेबांचं सांगितलं, खास पापलेटसाठी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचं सांगितलं. मग त्याने तिच्या वहीवर हात ठेवला.

"तो मसाला माझा नाय," तो म्हणाला. "नवसीचा. आमच्याकडं भांडी घासायची. मिठातली कच्ची करवंदं वाटून घालायला तिनंच शिकवलं मला."

"मग हे कुणालाच कसं ठाऊक नाही?"

"मालकांनी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं, हा मसाला कोणाच्या हातचा? मी म्हटलं, माझा. ती मागंच उभी होती, ताटं घेऊन. मी मोठा आचारी झालो. ती भांडीच घासत रायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागृतीच्या स्कूटरवर मागे बसून नवसीच्या पाड्यावर गेला. नवसी अंगणात भात वाळत घालत होती. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं तो विसरला.

"नवसी, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय." तिचा हात थांबला नाही. "मी तिथंच होती."

"मग कधी बोलली का नाय?"

"वाटायचं, तुमी बोलाल. मग जलपरीच बंद झालं."

नरहरीने मान खाली घातली. इतक्या वर्षांनी माफी मागायचीही त्याला लाज वाटली.

"नवसीमावशी, तुमचं पूर्ण नाव काय?" जागृतीने विचारलं.

"नवसी जिवल्या वरठा."

जागृतीने ते लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली. नवसीने हात लुगड्याला पुसले. तिला वाचता येत नव्हतं.

"यात मी कुठं हाय?"

जागृतीने बोट ठेवून दाखवलं. नवसी वाकून त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली.

तेवढ्यात भातावर कोंबड्या आल्या. नरहरी पुढे झाला आणि त्यांना हाकलत तिथेच उन्हात उभा राहिला.