बर्फाखालचा जव

तोमिएने वाकून रोपाचं एक पान दोन बोटांत धरलं आणि हलकेच ओढलं. पान आलं, पण मूळ जागचं हललं नाही. उकडलेल्या भाजीसारखं लिबलिबीत, गडद हिरवं पान बोटांना चिकटून राहिलं. तिने दुसरं धरलं, मग तिसरं. घोटाभर गार पाण्यात ती ओळीने पुढे सरकत गेली, आणि प्रत्येक रोपाची पानं काही न भांडता तिच्या हातात सुटून आली.

शेत तिचं नव्हतं, शेजारच्या हिसाकिचीदादांचं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला छपरावरचा बर्फ ओढताना दादा खाली पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नागोयाहून त्यांचा मुलगा शिगेओ धावत आला. इस्पितळात उशाशी बसून म्हणाला, "बाबा, आता पुरे. तिकडे खोली रिकामी करून ठेवलीय. इथे एकट्याने काय राखायचंय?"

"जव उभा आहे बर्फाखाली," दादा छताकडे बघत म्हणाले. "उभं पीक टाकून कोण जातं रे?"

शिगेओने बराच वेळ हात चोळले. मग म्हणाला, "ठीक आहे. जव निघेपर्यंत."

तोमिए तिथेच संत्रं सोलत होती. सोललेल्या फोडी तिने बशीत मांडल्या आणि घरी आली. येताना बसमध्ये तिच्या मनाने घेतलं होतं, की तो जव यंदा असा जोमाने वर यायला हवा, की शिगेओला पुढच्या पेरणीचीही वाट बघावी लागेल.

बर्फ मात्र हलेना. मार्च लागला तरी कमरेएवढा. एचिझेनच्या डोंगरातल्या बायकांना अशा वर्षी काय करायचं ते ठाऊक असतं. भाताची तुसं जाळून काळी राख करायची आणि रोपवाटिकेवरच्या बर्फावर उधळायची; काळ्यावर ऊन बसतं आणि बर्फ लवकर खचतो. तोमिएची आई हेच करायची, आजीही. तिने नवऱ्याच्या वेताच्या चकत्या पायांना बांधल्या, म्हणजे पाय रुतत नाहीत, आणि सुपातून मुठीमुठीने राख पेरत दादांचं शेत पालथं घातलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. वेत अजून मजबूत होता. हात चालला की ओठही चालत. भातलावणीचं जुनं गाणं आपोआप येई:

*थांब रे पाण्या, बांधाच्या आत,*
*तुझ्या मांडीवर निजू दे भात.*

चार-पाच दिवसांत बर्फ बसला. आठवड्याने शेतात पाणी दिसलं, त्यात आभाळ दिसलं, आणि आभाळाखाली जवाच्या हिरव्या ओळी. तोमिएला इतका आनंद झाला, की बांधाच्या तोंडातून पाणी वाहून चाललेलं बघवेना. तिने दोन दगड आणि चिखल लावून ते तोंड बुजवून टाकलं.

त्याला आता दोन आठवडे झाले होते.

सहकारी संघाचा इवाबुची सायकल बांधावर आडवी टाकून खाली उतरला. त्याने एक रोप उचललं, वास घेतला आणि नाक आक्रसलं.

"बुरशी का हो?" तोमिएने विचारलं.

"चुलतबहीण म्हणा. ही पाण्यातली, पोहत जाते एका रोपावरून दुसऱ्यावर. बाकी सगळं गारठतं तेव्हा हिची जत्रा भरते. वितळलेलं पाणी तुंबलं, की झालं." त्याची नजर बांधाशी गेली. "हे तोंड कोणी बुजवलं?"

तोमिए हातातल्या पानाकडे बघत राहिली.

"औषध असेल ना काही?"

"काकू, मेलेल्याला काढा पाजून उपयोग काय?" तो बोलून गेला, आणि तिचा चेहरा बघून त्याने टोपी उगाच काढून पुन्हा घातली.

रविवारी शिगेओची गाडी आली. इतका बर्फ पडला होता; बर्फानेच खाल्लं म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवणार नव्हतं. तोमिए बांधावर उभी राहिली. दादा घरात न जाता काठी टेकत सरळ शेताकडे आले. सात आठवड्यांत खांदे उतरले होते. शेतापासून दहा पावलांवर ते थांबले. वास आला असणार.

"हा... हा जव?" शिगेओ म्हणाला.

"मी केलं," तोमिए म्हणाली. तिने कमरेत वाकून मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. "राख मी टाकली, दादा. पाणीही मीच अडवलं."

शिगेओ हळू आवाजात म्हणाला, "मग प्रश्नच मिटला, बाबा." त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता, थकवा होता.

दादा तोमिएकडे बघत होते.

"सुपाने टाकलीस?"

"सुपाने."

"किती दिवस?"

"तीन."

"त्या चकत्या तुला मोठ्या होतात."

"दोरीचे दोन वेढे जास्त घातले."

"भाताची बाई ती भाताचीच," दादा म्हणाले. त्यांच्या घशातून खोकल्यासारखं काही आलं. ते हसू होतं की काय, कळलं नाही. "भाताला पाणी आई, जवाला सावत्र आई. पेरलं मी, तेव्हाच सांगायला हवं होतं. मान वर कर. पाठ धरेल, मग तुला कोण सरळ करणार?"

तिने मान वर केली. दादांनी काठीने बांधापलीकडे दाखवलं. तिथे तिचं शेत होतं. शरद ऋतूत त्यांनीच आपल्या यंत्राने जव पेरून दिलेलं. ते अजून पांढरंशुभ्र होतं.

"तिकडे नाही टाकलीस?"

"आधी तुमच्यात टाकली. मग राखच उरली नाही."

दादा बांधापर्यंत गेले, काठी त्या बर्फात खुपसली, बाहेर काढली आणि टोकाचा ओलावा अंगठ्याने चाचपला.

"बाबा, गाडीत बसा. वारा आहे," शिगेओ म्हणाला. "काय न्यायचं तेवढं सांगा, मी भरतो."

"फावडं आण."

"काय?"

"मागच्या पडवीत आहे. कडेने चर काढायला हवा, आज नाहीतर उद्या. आठ दिवसांत हा बर्फ सुटेल."

"तुम्हाला वाकता येत नाही, बाबा!"

"मी कुठे वाकतोय? ही वाकेल, तू वाकशील. मी नुसता ओरडणार." दादांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "एक शेत अजून बर्फाखाली आहे, शिगेओ. आणि हिला जवातलं काही म्हणता काही कळत नाही."

तोमिएने ओठ घट्ट मिटून घेतले.

शिगेओने बापाकडे बघितलं. मग आपल्या शहरी बुटांकडे. शेवटी त्याने विचारलं, पण बापाला नाही, तोमिएला:

"बाबांचे गमबूट कुठे असतात?"

"दारातून आत गेलं की डाव्या हाताला," तोमिए म्हणाली. "खालच्या फळीवर. आत वर्तमानपत्र कोंबलंय, ते काढून घे."