राणी रंगाचा झोका

कडूबाईने पोत्यात डोकावून पाहिलं आणि ती दोन पावलं मागं सरकली.

"ही घोनस हाय," ती म्हणाली.

पोत्यात दोर होता. सुरेखाच्या भावाने, पार्थने पाठवलेला. पार्थ तिकडे अकोले तालुक्यात लोकांना कड्यांवर चढवायचं काम करायचा आणि पाच वर्षं झाली की धडका दोरसुद्धा डोंगरावरून निवृत्त करायचा. हा त्यातलाच एक, अंगठ्याएवढा जाड आणि मऊ. पण रंग मातकट आणि त्यावर ओळीने तपकिरी ठिपके. वेटोळं घालून पोत्यात बसला होता. सुरेखाने मान तिरकी करून पाहिलं. सासूचं म्हणणं खोटं नव्हतं.

नागपंचमी चार दिवसांवर होती. पाथर्डीपासून कोसभर असलेल्या या वस्तीवर पंचमीचा झोका कडूबाईच्या दारातल्या चिंचेलाच बांधला जायचा. कडूबाई बाशिंग बांधून या घरात आली तेव्हापासून. गेल्या वर्षी मात्र तो तुटला होता, आणि तुटला तेव्हा वर कडूबाईच होती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर तिने जाहीर केलं होतं की या जन्मात आता झोका नाही, बायकांनी खुशाल दुसरं झाड बघावं.

त्यातली खरी बोच वेगळी होती. गेल्या वर्षी सुरेखा घरात नवी आली होती. पाथर्डीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी सून म्हणून सगळ्यांनी तिलाच विचारलं होतं, झोक्याला हा जुना नाडा चालंल का? तिने वजनाचा हिशोब मांडून 'चालेल' असं सांगितलं. नाडा वजनाने तुटलाच नाही. दिवसभर फांदीच्या सालीवर घासून तुटला, आणि घासणं तिच्या हिशोबात नव्हतं. कडूबाई याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. वर्षभर बोलली नव्हती. सुरेखाला झोप येत नसे ती त्या न बोलण्यामुळे. सासू पुन्हा झोक्यावर बसलेली तिला बघायची होती, बाकी काही नको होतं.

म्हणून यंदा दोर फांदीला टेकणारच नव्हता. फांदीला रुंद पट्टे गुंडाळायचे, पट्ट्यांत लोखंडी कड्या आणि कड्यांत दोर. पट्टे तिच्या नवऱ्याच्या, कल्याणच्या टेम्पोतले होते, माल आवळायचे. नवेकोरे, पांढरेशुभ्र. तेही तिने सासूला दाखवले.

"झाडाला बी प्लास्टर घालतीस व्हय?" कडूबाई म्हणाली आणि आत गेली.

पंचमीला घोणस लटकवून तिच्यावर बसायचं, हे वस्तीतली कुठलीच बाई करणार नव्हती. तेव्हा रंगवणं आलं. सुरेखाने राणी रंग ठरवला, कारण तो गडद होता आणि त्यात ठिपके बुडाले असते. तिने लोकर-रेशमाच्या रंगाच्या सहा पुड्या आणल्या, दोन बाटल्या व्हिनेगर आणलं आणि अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचं तपेलं चढवलं. स्वयंपाकाचं भांडं ती रंगाला लावणार नव्हती. दोर आणि पट्टे एकदमच आत टाकले आणि काठीने ढवळत बसली.

तासाभराने दोर वर काढला आणि तिला स्वतःशीच हसू फुटलं. पाणी जवळजवळ नितळ झालं होतं. सगळा रंग दोराने पिऊन टाकला होता. घोणस गेली होती, तिच्या जागी लग्नातल्या शालूसारखं काहीतरी चमकत होतं. पट्टे मात्र हातात घेतले तर फिकट गुलाबी, आणि एकदा खळबळताच पुन्हा पांढरे. जणू त्यांना तपेल्यात घातलंच नव्हतं.

माहेरपणाला आलेली तिची नणंद मोनिका ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, वहिनी, तुमच्या कॉलेजातली पोरं पास कशी होतात?

सुरेखाने पट्ट्याच्या टोकाला पेटती काडी लावली, वितळून थेंब कसा टपकतो ते पाहिलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. दोर नायलॉनचा होता, पट्टे पॉलिस्टरचे. एकाचा रंग दुसऱ्याला चढत नाही, हे ती वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायची.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती सरवरीचाचीकडे गेली. पिको-फॉलच्या दुकानामागे चाची पाथर्डीतल्या निम्म्या ओढण्या रंगवायची. तिने पट्टा दोन बोटांत चोळला आणि लगेच ओळखला. नायलॉन भोळं असतं, ती म्हणाली, कुणीही गोड बोललं की ऐकतं. पॉलिस्टरची समजूत घालावी लागते. त्याची पूड वेगळी, आणि तासभर उकळी मोडता कामा नये. मोडली की संपलं, पोरी. झाकण ठेव आणि तिथून हलू नकोस.

चाचीकडची पूड घालून घरी तपेलं पुन्हा चढलं, आणि सुरेखा हलली नाही. तासभर नाही, दीड तास. पावसाची भुरभुर आली तेव्हा तिने कल्याणला चुलीवर पत्रा धरून उभं केलं. तो म्हणाला, माझे पट्टे, माझा पत्रा, आणि भिजतोय पण मीच. पुडीला असा काही वास होता की शेजारची शेळी दावं ताणून पार पलीकडे जाऊन उभी राहिली. पण पट्टे निघाले ते गर्द राणी, आणि कितीही धुतले तरी पाण्यात थेंबभर रंग उतरला नाही. सुरेखाने ते वाळत घातले आणि कुणी बघत नाहीसं पाहून अंगणात एक गिरकी घेतली. मोनिकाने पाहिलीच.

पंचमीच्या आदल्या दिवशी सगळं बांधून झालं, कारण पंचमीला वस्तीवर कुणी सुरी लावत नाही, काही कापत नाही. झोक्याच्या फळीवर युरियाची आठ पोती रचून ती तासभर टांगून ठेवली. सुरेखाने टेप लावून दोर किती ताणला जातो ते मोजलं, वहीत लिहिलं आणि तेवढी फळी वर घेतली. मग वही मिटली. कुणाला काही सांगितलं नाही. जे मोजून झालं ते झालं, असा तिचा स्वभाव.

पंचमीच्या सकाळी चुलीवर पुरणाची दिंडं वाफवत असताना कडूबाईने तिच्या हातात ताट दिलं, आणि सुरेखाचं लक्ष सासूच्या तळव्यांकडे गेलं. दोन्ही तळवे गुलाबी होते. कडूबाईने मेंदी लावली नव्हती. दव पडलेल्या दोराने थोडा रंग सोडला होता, आणि ज्याने तो घट्ट धरला असेल त्याच्याच हाताला लागला होता.

"आत्याबाई, तुम्ही बसलात?"

कडूबाईने तळवे पदराला पुसले. ते पुसले गेले नाहीत.

"बसले न्हाई. टेकले. तर खाली गेला की गं. वीतभर. उतरले तशीच." मग ती दिंडांकडे बघत म्हणाली, "बाया यायच्या आत सोडून ठिव त्यो. यंदा दुसरं कुनी पडाया नगं."

सुरेखाला वर्षभरात पहिल्यांदाच सासू इतकं बोलल्यासारखी वाटली. आणि आपण काय केलं तेही कळलं. ताण तिने वहीत लिहिला होता, सासूला सांगितला नव्हता.

"तो तुटत नव्हता," ती म्हणाली. "तो तसाच असतो. कड्यावरून माणूस घसरला तर त्याला हिसका बसू नये म्हणून हा दोर आधी खाली जातो आणि मग माणसाला सावरतो. मी मोजलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. गेल्या वर्षीचं पण माझंच चुकलं. घासण्याचं मी धरलंच नव्हतं."

कडूबाईने दिंडांवरचं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली, परत ठेवलं.

"तू बसलीस का त्याच्यावर?"

सुरेखा बसली नव्हती. तिला पाळण्यातसुद्धा गरगरायचं.

"मग आपुन दोघी," कडूबाई म्हणाली. "तू बस. मी उभी ऱ्हाते."

बायका जमल्या तेव्हा चिंचेखाली ही जोडी तयारच होती. फळीवर सुरेखा बसलेली, पदर खोचून तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून कडूबाई उभी, गुलाबी तळव्यांत राणी दोर. दोघींच्या वजनाने फळी दोन विती खाली गेली, आणि मग फळी हळूच वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. कडूबाईच्या तोंडून असा आवाज निघाला की मोनिकाने आईकडे दचकून पाहिलं. कडूबाई हसत होती.

मोनिकाने मागून ढकललं. पहिला हेलकावा छोटा होता, दुसरा ओट्यापर्यंत, तिसऱ्याला कडूबाईला कल्याणच्या टेम्पोचा टप खाली दिसला. दोर नुसता पुढेमागे नेत नव्हता, प्रत्येक टोकाला जरा उचलून पुन्हा झेलत होता, जसं लहान मुलाला वर उडवून झेलावं तसं. सुरेखाचे डोळे गच्च मिटलेले होते. घाबरली की ती बोलायला लागायची.

"आत्याबाई, माणसं कितीही बसली तरी झोक्याला यायला-जायला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो."

"गप बस आन डोळं उघड."

तिने उघडले. तुरीचं शेत खालून सरकलं आणि परत आलं, बायकांच्या साड्या एकात एक मिसळून गेल्या, चिंचेची पानं डोक्याला घासली. पोट मागे राहिलं होतं आणि ती पुढे आली होती. तिला ओरडायचं होतं, पण हसूच येत होतं, थांबवता न येणारं, वर्गात आलं असतं तर नोकरी गेली असती असं.

खालून मोनिका ओरडून विचारत होती, बास का, आई? उतरवू का?

कडूबाईने गुडघे वाकवले, सगळा भार फळीवर दिला आणि दोर झपकन वर घेऊन गेला.

"अजून शेंडा कुठं लागलाय," ती वरूनच म्हणाली. "मार की जोरात, जेवली न्हाईस व्हय?"