नळीचे दोन स्क्रू

वेंडेल ट्रिपने फडक्यात गुंडाळलेला रायफलचा बोल्ट-कॅरियर, म्हणजे आतला सरकता भाग, बंदुका दुरुस्त करणाऱ्या लॉर्नाच्या काउंटरवर असा आपटला की तिच्या कपातली कॉफी बाहेर सांडली.

"हे तुझं काम! एक गोळी सुटली आणि रायफल ठप्प. समोर लांडग्यांनी माझी ट्यूली फाडली, आणि मी नुसता खटका ओढत उभा!"

ट्यूली म्हणजे त्याच्या मेंढ्या राखणारी कुत्री. लॉर्नाने सांडलेली कॉफी पुसली नाही. तिच्या हातून गेलेली रायफल ऐन वेळी दगा देते, असं मोंटानाच्या या खोऱ्यात आजवर कोणाची म्हणायची छाती झाली नव्हती. तिने फडकं सोडलं, चष्मा चढवला.

कॅरियरच्या पाठीवर एक आखूड नळी असते. गोळी सुटली की तापलेला गॅस त्या नळीतून येतो आणि त्याच्या रेट्याने पुढची गोळी भरली जाते. नळी धरून ठेवतात दोन स्क्रू. ते ढिले होऊ नयेत म्हणून लॉर्ना कडेचं पोलाद पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी दांडीने, ठोकून स्क्रूच्या डोक्यात घुसवायची. एकदा ठोकलं की ठोकलं.

इथे ते पोलाद ओरबाडलेलं होतं. स्क्रू नवे, सैल, आणि आट्यांत जळक्या निळ्या गोंदाचे पापुद्रे.

"हा माझा हात नाही," ती कडाडली. "मी ठोकलेलं कोणीतरी उपसलंय आणि गोंदावर भागवलंय. त्या धगीपुढे गोंद टिकतो होय?"

"माझ्या रायफलला कोणी हात लावत नाही!"

"मग भुताने लावला वाटतं."

"मी काढले, बाबा."

दाराशी उभी असलेली जोलीन बोलली. वेंडेलची लेक, शाळेत नर्स. गेल्या हिवाळ्यात तो वळायचं विसरून स्वतःच्याच घराच्या फाट्यावरून सरळ पुढे निघून गेला, तेव्हापासून त्याला सगळीकडे तीच घेऊन जायची.

"साफ करायला काढले," ती म्हणाली. "तुम्ही करता ना, तसं."

लॉर्नाने मान वर केली. जोलीनने जन्मात बंदुकीला तेलाचा थेंब लावला नव्हता. लॉर्नाने तोंड उघडलं, तर जोलीनने हलकेच नकारार्थी मान हलवली.

वेंडेल मात्र पेटला. "अक्कल गहाण टाकलीस का? जे कधी काढायचंच नसतं ते काढलंस? ट्यूली तुझ्यामुळे मेली! तुझ्यामुळे!"

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसासाठी ही बाई आपलं घरदार सोडून परत आली, आणि आता परक्यासमोर हे ऐकून घेतेय. खरं काय ते त्याच्या तोंडावर फेकावं असं तिला फार वाटलं. आपल्या कामावर चुकीचा हात फिरला, याचाही राग होताच.

"पुरे, वेंडेल."

"पुरे काय? विचारू दे मला. गोंद कुठून आणलास गं?"

"गोठ्यातून. फळीवर होता."

"थापा मारू नकोस! गोठ्यात नसतेच ती बाटली. ट्रकच्या खणात असते, नकाशांच्या खाली. थंडीत गोंद घट्ट होतो, म्हणून आधी ती खिशात उबेला ठेवायची, आणि मग मी…"

तो थांबला. बोलता बोलता त्याचा हात कोटाच्या खिशावर गेला होता, तो तिथेच राहिला.

जोलीन बाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. लॉर्नाने ते सैल स्क्रू काढून टाकले, आपल्याकडचे कोरे स्क्रू घेऊन नळी आवळली, कॅरियर शिकंज्यात धरला. पंच टेकवून हातोडी उचलली, पण घाव घालायला तिचा हात होईना.

वेंडेल टेबलाजवळ आला. त्याचा आवाज खाली उतरला होता.

"जोरात मार, लॉर्ना," तो म्हणाला. "मला पुन्हा उघडता येता कामा नये."